अडीच फेरे: बाबांच्या स्प्लेंडरचा स्लो

शनिवार, १४ डिसेंबर २०२४

गाडी: हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, २००७ ची, एमएच ११, म्हणजे साताऱ्याची. मालक बाबा. मार्चमध्ये त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून जिन्याखाली उभी आहे. मधल्या काळात मी दोनदा कव्हर काढून झटकलं आणि परत घातलं, तेवढीच काय ती देखभाल. आता आमचं ऑफिस एमआयडीसीत हललं. शाहूपुरीतून रोज दोन रिक्षा बदलून जायचं माझ्याने होणार नाही, म्हणून गाडी काढायची ठरवली. मला गाडी चालवता येते. दुरुस्तीतली अक्कल पंक्चरवाल्याला फोन करण्याइतकी.

बॅटरी पूर्ण उतरली होती, पण या गाडीला किकवर चालू व्हायला बॅटरी लागत नाही. चोक देऊन किका मारल्या. एकविसाव्या किकला फुर्र झाली आणि जिन्याखाली निळसर धूर भरला. लगेच ढकलत अंगणात आणली. बंद जागेत इंजिन चालू ठेवायचं नसतं, एवढं तरी माहीत होतं.

तक्रार अशी: चोक काढला की दहा सेकंदांत बंद. मूठ थोडी पिळून धरली की चालते, सोडली की मरते.

मोबाईलवरच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं की स्लो वाढवा. स्लो म्हणजे मूठ सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं तो. कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाला, बाहेरून दोन स्क्रू दिसले. एक स्प्रिंगवाला, जाडसर, सहज हाताला लागणारा. दुसरा बारीक, खोबणीत दडून बसलेला. स्प्रिंगवाला स्लोचा. तो अर्धा-अर्धा फेरा आत घेत गेले. दोन फेऱ्यांपर्यंत काही नाही. अडीच फेऱ्यांना गाडी मूठ न धरता चालू राहिली.

दिवसभर हिशेबाच्या वह्यांत डोकं घालते, त्यामुळे लिहून ठेवायची खोड आहे. स्लोचा स्क्रू: मूळ जागेपासून २.५ फेरे आत.

बाबा गॅलरीतून म्हणाले, "आवाज मोठा वाटतोय गं." मी म्हटलं, बऱ्याच दिवसांनी ऐकताय म्हणून.

रविवार, १५ डिसेंबर

बाबांच्या फायलीत गाडीचं मॅन्युअल सापडलं, २००७ च्या पावतीसकट. त्यात आयडल स्पीड, म्हणजेच स्लो, दिलाय १४०० आरपीएम (मिनिटाला फेरे), शंभर इकडे-तिकडे चालेल. पण गाडीला आरपीएमचा काटाच नाही. मग मोजायचं कशाने?

यावर सकाळ गेली, पण उत्तर सोपं निघालं. इंजिन एका सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं. म्हणजे क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा भडका आणि सायलेन्सरमधून एक 'फट्'. मिनिटाला १४०० फेरे म्हणजे ७०० फट्, सेकंदाला पावणेबारा. कानाने इतकं मोजता येत नाही. मोबाईल सायलेन्सरपासून हातभर लांब, धुराच्या झोतात येणार नाही असा धरला आणि आवाज रेकॉर्ड केला. मग कॉम्प्युटरवर तो उघडला. लाटेत प्रत्येक फट्चं एक उंच टोक दिसतं, अगदी शेंगांच्या रांगेसारखं. पाच सेकंदांतली टोकं मोजायची आणि २४ ने गुणायचं, की आरपीएम.

कालच्या सेटिंगवर पाच सेकंदांत ९२. म्हणजे २२०८. बाबांचं बरोबर होतं.

स्क्रू मागे घेऊन १४०० वर आणायचा प्रयत्न केला. तिथवर पोचायच्या आधीच घुसमटायला लागते आणि जाते. मरताना शेवटचं रेकॉर्डिंग सापडलं, त्यात ४१ टोकं, ९८४ आरपीएम. स्क्रू परत अडीचवर नेऊन ठेवला. आज दुपारी परत २२०० आलं, म्हटलं असू दे, चालते तर आहे.

सोमवार, १६ डिसेंबर

असू दे म्हणायला नको होतं.

सकाळी गारठा होता, तेव्हा ठीक चालली. राधिका रोडने स्टँडवरून पोवई नाक्यापर्यंत आले आणि इंजिन नीट तापलं. ग्रेड सेपरेटरच्या भुयारी रस्त्यातून वर आले, पुढे उसाची ट्रॉली अडकलेली, म्हणून न्यूट्रल केलं. गाडी भुंगाट ओरडायला लागली. मूठ पूर्ण सोडलेली, तरी! शेजारच्या स्कूटरवरच्या आजोबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुद्दाम रेस करतेय. पहिला गिअर टाकला तर खडाक्कन आवाज येऊन गाडीने पुढे उडीच घेतली. उतारावर मूठ सोडली तरी वेग कमी होईना, सगळं ब्रेकवर.

संध्याकाळी घरी आल्यावर गरम इंजिनावर मोजलं: १०४. म्हणजे २४९६.

धडा पहिला, तोही पेट्रोल जाळून मिळालेला: मी शनिवारी थंड इंजिनावर स्लो लावला होता. थंड इंजिन जड चालतं, तेल घट्ट असतं, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्या अवस्थेत पुरेसा वाटणारा स्लो इंजिन तापलं की जास्तच होणार. आठ-दहा किलोमीटर फिरवून आणल्याशिवाय या स्क्रूला हात लावायचा नाही.

एक गंमत. हेडलाईट सरळ मॅग्नेटोवर (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावर) चालतो, त्यामुळे रेस जास्त तसा उजेड जास्त. आज सिग्नलला उभी असतानाही माझा दिवा लख्ख होता. तेवढाच फायदा.

मंगळवार, १७ डिसेंबर

शेजारचे तात्या सकाळी फिरून येताना फाटकाशी थांबले. तात्या एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या वेळी एसटी डिझेलवर चालायची, डिझेलला कार्बोरेटर नसतो. पण त्यांची स्वतःची राजदूत होती, आणि राजदूतने माणसाला जे शिकवलं ते कुठल्या आयटीआयने शिकवलं नसेल, असं ते स्वतःच सांगतात.

मी त्यांना सगळं सांगितलं. अडीच फेऱ्यांचं ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर घेतला.

"आधी किती दिवस उभी होती?"

"मार्चपासून."

"मग स्क्रू कुणी ढिला केला जिन्याखाली? उंदरानं?"

मी गप्प.

"पोरी, तुझ्या बाबानं चालवत आणून उभी केली तवा स्लो बरोबर होता का न्हाई? होता. स्क्रू आपणहून फिरला न्हाई. मग बिघडलं ते दुसरंच काहीतरी. तू चांगल्या जिनसेला बिघडवून वाईट जिनसेवर पांघरूण घातलंस."

नऊ महिन्यांत न बदललेली एकच गोष्ट होती, आणि मी नेमकी तीच बदलली. ऑफिसात बेरीज चुकली की मी ज्युनिअरला हेच ऐकवते: जुळत नाही म्हणून सस्पेन्स खात्यात फरक टाकून बेरीज जुळवू नका.

शनिवारी बघू म्हणाले. तोवर रिक्षा.

शनिवार, २१ डिसेंबर

आज काही खोललं नाही, फक्त तपासलं.

चोक अर्धा लावून ठेवला की गाडी एकसारखी चालते. चोक म्हणजे हवेची वाट अडवणं. हवा कमी केल्यावर सुधारते, याचा अर्थ एक तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा घुसतेय.

जादा हवा घुसायची नेहमीची जागा म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला मॅनिफोल्डचा जोड. तिथलं रिंग-पॅकिंग वाळतं, तडकतं. इंजिन चालू ठेवून तात्यांनी रंगपंचमीच्या पिचकारीने जोडावर साबणाचं पाणी सोडलं. फट असती तर पाणी आत ओढलं जाऊन इंजिनाचा सूर क्षणभर बदलला असता. नाही बदलला. काही जण इथे पेट्रोल किंवा स्प्रे मारतात. गरम सायलेन्सरशेजारी तसलं धाडस करायचं नाही, असं तात्यांनी बजावलं. स्वतः मात्र कानावर बिडी खोचून आले होते. ती मी काढून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली.

एअर फिल्टर: धुळीने करडा झालेला, पण हवा जाते. प्लग: काळा नाही, उलट पांढुरका. म्हणजे पेट्रोल कमीच.

उरला स्लो जेट.

याचं काम मला आज नीट समजलं, म्हणून लिहून ठेवते. मूठ पिळली की केबल एक नळकांड्यासारखी स्लाईड वर ओढते, हवेची वाट मोठी होते, आणि स्लाईडखालची सुई वर जाऊन पेट्रोल जास्त येतं. मूठ सोडली की स्लाईड जवळजवळ पूर्ण बंद. त्या वेळी सुईच्या वाटेने काहीच येत नाही. इंजिन जगतं ते स्लो जेटमधून येणाऱ्या थेंबभर पेट्रोलवर. त्या जेटचं भोक शिवणाच्या सुईहून बारीक असतं. स्लोचा स्क्रू पेट्रोलबिट्रोल काही सोडत नाही, तो फक्त स्लाईडखाली पाचर मारून तिला थोडी उचलून धरतो. मी अडीच फेरे आत घेतले तेव्हा स्लाईड इतकी वर गेली की सुईच्या वाटेने पेट्रोल यायला लागलं. समोरचं दार तुंबलं होतं म्हणून मी मागचं उघडलं, आणि वर गाडी जोरात चालते म्हणून कुरकुरले.

रविवार, २२ डिसेंबर

कार्बोरेटर खोलला. सकाळी नऊला बसलो, दीडला उठलो. तात्यांच्या मते हे पाऊण तासाचं काम.

पेट्रोलचा कॉक बंद. खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या तळच्या वाटीतलं) पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं. ताजं पेट्रोल पाण्यासारखं पातळ दिसतं. हे चहाच्या दुसऱ्या पाण्याच्या रंगाचं होतं आणि वास रंगाच्या डब्यासारखा. बरणी उन्हात ठेवली तर तळाला एक वेगळा थर दिसला, आणि बरणी कलंडली की तो थर पाऱ्यासारखा एका कडेला घरंगळायचा. पाणी. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ती पेट्रोलमध्ये मिसळून राहते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात. साताऱ्याचा पूर्ण पावसाळा गाडीने जिन्याखाली काढला, टाकी अर्धी रिकामी. रोज वापरातल्या गाडीत पेट्रोल इतकं टिकतच नाही, म्हणून हा प्रश्न येत नाही. इथेनॉलला दोष देणार नाही, आमच्या जिल्ह्याचं अर्धं राजकारण उसावर उभं आहे.

कार्बोरेटरचे दोन्ही नट दहाच्या पान्याने निघाले. वरचं झाकण फिरवून काढलं, स्लाईड आणि सुई केबलला लटकत बाहेर आली. ती स्वच्छ फडक्यात गुंडाळून टाकीवर ठेवली.

चेंबरचे स्क्रू मात्र निघेनात. ते जपानी धाटणीच्या फुलीचे. आपला नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की वर सटकतो आणि फुलीच्या कडा खाऊन टाकतो. एक मी खाल्लाच. दुसऱ्याच्या वेळी तात्यांनी स्क्रू ड्रायव्हर फुलीत उभा धरला, त्याच्या डोक्यावर हातोडीचा एकच ठोका दिला आणि मग फिरवला. निघाला. ठोक्याने चिकटलेला आटा सुटतो. माझ्या पहिल्या स्क्रूला मग पकडीनेच धरावं लागलं.

आत चेंबरच्या तळाशी पांढरट, दाणेदार चुनखडीसारखा थर. बोटाने पुसला तर निघाला.

दुसरा बारीक स्क्रू, तात्या ज्याला एअर स्क्रू म्हणतात, काढायच्या आधी आत नेऊन टेकवायचा आणि फेरे मोजायचे. अगदी हलक्या हाताने. त्याचं टोक सुईसारखं निमुळतं असतं, आवळलं तर टोकही जातं आणि त्याची बैठकही. एअर स्क्रू: टेकलेल्या जागेपासून सव्वा फेरा बाहेर. मग तो, त्याची स्प्रिंग आणि तिच्यामागे चिकटलेली एवढीशी रबरी रिंग काढून वाटीत ठेवली. रिंग मुंगीच्या डोळ्याएवढी. तात्या म्हणाले, हरवणारी वस्तू नेहमी हीच असते.

स्लो जेटच्या वाटेत कार्ब क्लीनरची नळी लावली आणि बटण दाबलं. स्प्रे पुढे जाण्याऐवजी सरळ उलटा माझ्या तोंडावर. चष्मा होता म्हणून डोळे वाचले, गाल मात्र अर्धा तास चुरचुरत होता. तोंड धुऊन आले, मग हातमोजे घातले. वाट पूर्ण तुंबली होती, हे तरी सिद्ध झालं.

मी टाचणी आणायला उठले तर तात्या ओरडलेच. पितळेत पोलाद घालायचं नाही. भोक केसभर जरी मोठं झालं तरी जेट कामातून गेला. त्यांनी जुन्या वायरचं टोक सोलून तांब्याची एक तार काढली, केसासारखी. तांबं मऊ, भोक ओरबाडत नाही. क्लीनर, पाच मिनिटं भिजवणं, तार, पुन्हा क्लीनर. असं चार-पाच वेळा. आणि मग एकदम दुसऱ्या टोकातून स्प्रेची सरळ, अखंड, केसाएवढी धार समोरच्या भिंतीवर पडली. इतका आनंद मला ताळेबंद जुळल्यावरही होत नाही.

जोडताना मी स्लाईड उलटी घालायला निघाले होते. स्लाईडला खालून एका बाजूला तिरका काप असतो, तो फिल्टरच्या बाजूला यायला हवा. उलटी धरली की खोबण जुळत नाही आणि ती पूर्ण खाली बसत नाही. तशीच दाबून झाकण लावलं तर मूठ सोडूनही रेस उघडीच राहणार. म्हणून झाकण लावल्यावर मूठ पिळून सोडायची आणि आतून 'टक्' ऐकायचं. टक् नाही तर किक नाही, हा तात्यांचा नियम.

टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. तिसऱ्या किकला चालू.

आणि काय आवाज! मांजरं पळाली, बाबा गॅलरीत आले, मी घाबरून चावीच बंद केली. मोबाईल नशिबाने रेकॉर्डिंगवर होता: पाच सेकंदांत १३०, म्हणजे ३१२०. तात्या कट्ट्यावर बसून हसत होते. स्लोचा स्क्रू अजून माझ्या अडीच फेरे आतच होता. पुढचं दार उघडलं, मागचं बंद करायचं राहिलं.

वहीत बघितलं, स्क्रू मोजून अडीच फेरे बाहेर घेतला. शाहूपुरीतून मोती चौक, राजवाडा करत गाडी तापवून आणली आणि मोजलं.

५६. म्हणजे १३४४.

बाबांच्या जागेवर.

सोमवार, २३ डिसेंबर

ऑफिसला गेले, आले. पोवई नाक्यावर तीनदा थांबावं लागलं, एकदाही बंद पडली नाही. गिअर पडताना आवाज नाही.

मंगळवार, २४ डिसेंबर

ऑफिसात मेंटेनन्सच्या मुलाकडे आरपीएम मीटर आहे, प्लगच्या वायरीला वेढा घालायचा असतो. जेवणाच्या सुट्टीत लावला. गाडी पंधरा मिनिटं चालवून तापवली होती.

मीटर म्हणतो २६९०.

तो माझ्या आवाज मोजण्याच्या पद्धतीवर हसला. मीही क्षणभर डगमगले. पण अडीच हजारांवर गाडी कशी ओरडते ते मी १६ तारखेला पोवई नाक्यावर ऐकलंय, आणि ही तर शांत टुकटुकत होती. आकडा बरोबर दुपटीच्या जवळ होता, आणि दुपटीची चूक ही चूक नसते, ती पद्धत असते. शोधलं तेव्हा कळलं: या गाडीत ठिणगीचा इशारा क्रँकवरच्या मॅग्नेटोकडून जातो, म्हणून प्लग प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पाडतो. दोनांतली एक भडका उडवते, दुसरी धूर बाहेर पडत असताना पडते आणि वाया जाते. मीटर मात्र दोन फेऱ्यांना एक ठिणगी असं धरून बसला होता. त्यात एक फेरा–एक ठिणगी अशी सेटिंग होती, ती लावल्यावर १३४५.

माझे १३४४. खरं तर चहा त्याने पाजायचा होता, पण मी पाजला.

बुधवार, २५ डिसेंबर

सुट्टी. एअर स्क्रू नीट लावायचा दिवस. गाडी चालते आहे, मग कशाला हात लावायचा, असं बाबांचं मत. त्यांचं मत मला पटतं, पण मूठ झटकन सोडल्यावर स्लोवर येताना ती एकदा दचकते, तेवढं मला खुपत होतं.

या बारीक स्क्रूची एक खोच आहे. काही कार्बोरेटरांत तो स्लाईडच्या फिल्टरकडच्या बाजूला असतो आणि हवा कमी-जास्त करतो. तो आत घेतला की मिश्रण घट्ट होतं, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. काहींत तो इंजिनाच्या बाजूला असतो आणि तयार मिश्रण सोडतो. तो आत घेतला की उलट, पातळ होतं. दोघांच्या दिशा विरुद्ध, म्हणून ऐकीव माहितीवर फिरवू नये. कान मात्र दोन्हीकडे सारखाच लावायचा: जिथे इंजिन सर्वांत जोरात आणि एकसारखं चालतं ती जागा शोधायची.

समर्थ मंदिरापर्यंत जाऊन गाडी तापवून आणली. पाव-पाव फेरा, दर वेळी दहा सेकंद थांबून. इंजिनाला उत्तर द्यायला वेळ लागतो. मी पहिल्यांदा घाई केली आणि कशाचा परिणाम कशावर, तेच कळेना.

आत घेतला तर घोगरी होते, ५१ वर येते. बाहेर घेत गेले: दीड फेऱ्याला ६०, पावणेदोनला ६३, दोनला ६१ आणि चुकारल्यासारखी. परत पावणेदोन. तिथे सायलेन्सरमागे हात धरला तर झुळुका एकसारख्या लागतात, आधी मध्येच एखादी गळायची. (हात वीतभर लांब. मागच्या आठवड्यातला सायलेन्सरचा डाग अजून पोटरीवर आहे.)

६३ म्हणजे १५१२, थोडं वर. म्हणून स्लोचा स्क्रू पाव फेरा बाहेर: ५८, म्हणजे १३९२.

मूठ पिळून सोडली. दचकत नाही.

रविवार, २९ डिसेंबर

कासला गेले. फुलं केव्हाच संपली, आता नुसतं वाळलेलं गवत आणि वारा, पण मला घाट हवा होता. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडं वर, कास पठार बाराशेच्या आसपास. पाचशे मीटर वर गेलं की हवा सुमारे पाच टक्के विरळ होते. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल जवळजवळ तेवढंच देतो, म्हणून वर मिश्रण जरा घट्ट होतं आणि स्लो थोडा बसतो. २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर हे सगळं स्वतः सांभाळतो आणि तिथे फिरवायला असा स्क्रूच नसतो.

यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर शांत चढली. वर तलावाशी मोजलं: ५५, म्हणजे १३२०. वाऱ्याचा आवाज इतका की टोकं शोधायला घरी येऊन तासभर गेला. काही फिरवलं नाही. खाली येऊन परत ५८.

रविवार, ५ जानेवारी २०२५

राजपथावर गाडी वळवताना हँडल पूर्ण डावीकडे गेलं आणि गाडी आपणहून पुढे ओढली. ब्रेक दाबला म्हणून समोरच्या भाजीच्या गाडीला लागली नाही. काळजाचं पाणी झालं.

घरी उभी करून हँडल सरळ ठेवलं: ५८. पूर्ण डावीकडे: ७१, म्हणजे १७०४. स्लोचा यात काही संबंध नाही, केबल ओढली जातेय. मुठीची मोकळीक बघितली; मॅन्युअलप्रमाणे मूठ कडेला २ ते ६ मिलिमीटर रिकामी फिरायला हवी. सरळ हँडलला आहे, डावीकडे वळवलं की शून्य.

सीट आणि टाकी काढून बघितलं. २२ तारखेला कार्बोरेटर बसवताना मी केबल फ्रेमच्या चुकीच्या बाजूने घेतली होती. दोन आठवडे तशीच फिरले. तात्यांना सांगितलं नाही. केबल जुन्या खुणेवरून परत घातली; सतरा वर्षांच्या घासण्याने फ्रेमवर तिची वाट स्वच्छ उमटलेली आहे, तेव्हाच बघायला हवी होती. आता दोन्हीकडे वळवून ५८.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळी सहाला थर्मामीटरवर १३ अंश. अर्धा चोक, दुसरी किक. थंडीत ५१, म्हणजे १२२४, पण बंद पडली नाही. एमआयडीसीत पोचेपर्यंत ५८.

संध्याकाळी तात्यांकडे तिळगूळ घेऊन गेले. केबलचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "ठाऊक हाय. टाकी काढलेली दिसली गॅलरीतनं." मग वही मागून घेतली, शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि फक्त एवढंच विचारलं की चेंबरचा तो खाल्लेला स्क्रू अजून बदलला का नाही.

नाही बदलला. शनिवारी.

स्लोचा स्क्रू: बाबांच्या जागेपासून पाव फेरा बाहेर.
एअर स्क्रू: पावणेदोन.